वल्द, जौजे आणि फिरस्ता

गोरेगाव नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. मुंबईचे सर्वांना ठाऊक असते. रायगडात माणगाव तालुक्यात एक आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेरकडे एक आहे, आणि गोंदिया जिल्ह्यात तर तालुक्याचे ठिकाणच गोरेगाव. आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही परभणीत होतो; १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यात आणि सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या अमलात. जुने कागद शोधायला निघालेल्याने हा क्रम आधी पाठ करावा, कारण प्रत्येक बदलाबरोबर दप्तर कुठून तरी कुठे तरी हलले आहे, आणि हलताना थोडे सांडले आहे.

पण आमच्या दप्तरात गोरेगावांपेक्षा कोरेगावांचा त्रास जास्त. निजामाचा कारभार आधी फारसीत चाले, १८८०च्या दशकात तो उर्दूत आला. उर्दूतला ‘क’ आणि ‘ग’ यांच्यात फरक फक्त वरच्या एका तिरक्या रेघेचा. सरकारी कारकून घाईत शिकस्ता वळणाने लिहायचे आणि ती रेघ गाळायचे. मग समोरचे गाव गोरेगाव की कोरेगाव, हे अक्षरावरून ठरतच नाही. वरखाली कोणत्या गावांची नावे आली आहेत, पटवारी कोण आहे, शेतांची नावे काय आहेत, यावरून ते ओळखायचे. माझ्या पहिल्या दोन वर्षांतला बराच वेळ ही एक रेघ शोधण्यातच गेला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. गावात खते-बियाण्यांचे दुकान चालवतो. या नादाला लागलो ते एका इंग्रजी पुस्तकामुळे. हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांचे इंग्लंडमधल्या स्थानिक इतिहासावरचे पुस्तक हाताला लागले. मूळ पुस्तक १९५९चे. शब्दकोश शेजारी ठेवून एक पावसाळाभर वाचले. राजेरजवाड्यांना बाजूला ठेवून एका खेड्याचा इतिहास लिहिता येतो, आणि त्यासाठी कागदाइतकीच बांधाला, वाटेला, जुन्या भिंतीलाही किंमत असते, हे मला त्या पुस्तकाने शिकवले.

त्याच पुस्तकाने थोडी असूयाही दिली. इंग्लंडमधला पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव, फार तर दोन-चार वाड्यावस्त्या धरून. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्हींची वही ठेवावी. हेतू धर्माचा आणि राजसत्तेच्या नजरेचा होता, इतिहासाची सोय करावी असा नव्हता. पण वही राहिली. जमीनदार मेला तरी एक ओळ, त्याच्या गोठ्यातला गडी मेला तरी एक ओळ. रिग्ली आणि स्कोफिल्ड या दोन अभ्यासकांनी अशा ४०४ पॅरिशांच्या वह्या मोजून १५४१पासूनच्या इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास उभा केला आणि १९८१ साली छापला. तिथला एखादा निवृत्त मास्तर आपल्या गावातल्या शेतमजुराची आठ-दहा पिढ्यांची साखळी जुळवतो. आपल्याकडे असे काही असेल तर ते गोव्यात, चर्चच्या वह्यांत. बाकी महाराष्ट्रात कुलवृत्तान्तांचे जाडजूड ग्रंथ आहेत, पण ते बहुतेक कोकणातून आलेल्या शिकल्या-सवरल्या घराण्यांचे. सेनगाव तालुक्यातल्या कुणब्या-माळ्याचा, न्हाव्याचा, महाराचा कुलवृत्तान्त कोणी छापलेला माझ्या पाहण्यात नाही.

यातली गंमत आमच्या दारात आहे. हिंगोलीला १९०३पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी होती. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी मूल झाले, की बाप्तिस्म्याची नोंद व्हायची आणि त्याची नक्कल इलाख्याच्या धर्मखात्यामार्फत लंडनला जायची. अशा नकला आज तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्याच आठवड्यात छावणीला दूध घालणाऱ्या गवळ्याच्या घरी मूल झाले असेल, तर त्याचा कागद या पृथ्वीवर कुठेही नाही.

आमच्या सरकारने लिहिले नाही असे मात्र नाही. निजामाच्या सरकारने पुष्कळ लिहिले. पण त्याने शेत लिहिले. पहिल्या सालारजंगाने १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी केली, महसुलाची मक्तेदारी मोडत आणली, आणि मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले. त्यातून सेतवार आला, पाहणी पत्रक आले, वसुलीचे कागद आले. पुढे हैदराबाद राज्य भारतात आल्यावर १९५०चा कुळकायदा झाला आणि १९५४-५५ साली खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद कोर्टात गेला, की वकील पहिल्यांदा खासरा मागतो. आमच्या भागातल्या वंशावळीचा शोध इथून सुरू होतो, आणि पुष्कळदा इथेच संपतो.

या कागदांत माणूस येतो तो शेताच्या कडेकडेने. आडनाव बहुधा नसते. ‘अमुक वल्द तमुक’ एवढेच. वल्द म्हणजे मुलगा. कधी पुढे कौम, म्हणजे जात, आणि पेशा. एका गावात एकाच वेळी तीन ‘महादू वल्द राणू’ असू शकतात. ते वेगळे करायला पुन्हा शेतच उपयोगी पडते: कोणाचा नंबर ओढ्याला लागून, कोणाचा पांदीच्या वर. भावाभावांत वाटणी झाली, की सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पडतात. पोटहिस्से मागे मागे जोडत गेले, की भाऊ, मग बाप, मग आजा. घराण्याचा वृक्ष मी बांधांवरून वाचायला शिकलो. आपल्याकडे हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची अशी पाहणी करून १९१७ साली छापली होती. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, हा त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न उलट आहे. तुकड्यांवरून माणसे कशी जोडायची?

त्यासाठी उर्दू शिकणे भाग होते. वसमतकडच्या एका निवृत्त शिक्षकांकडे चाळिशीत अलिफ-बे गिरवले. मोडी त्याआधी एका सुट्टीतल्या वर्गात शिकलो होतो. छापील उर्दू सहा महिन्यांत येते. शिकस्ता वाचायला तीन वर्षे लागली, आणि सियाक नावाचे हिशेबी आकडे मला आजही दर वेळी तक्ता पाहूनच लागतात. शिवाय सन. निजामाचे कागद फसली सनात आहेत. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होई. पुढे दै, बहमन असे करत सप्टेंबरच्या सुमाराला आबान. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर सनात ५९० मिळवायचे, जानेवारीनंतर ५९१. फसलीला हिजरी समजून हिशेब केला, तर माणूस आठ-दहा वर्षे आधी जन्मतो किंवा मरतो. अशी चुकलेली भाषांतरे शिक्क्यासह फिरताना मी पाहिली आहेत, आणि शिक्का असल्यामुळे ती दुरुस्त करणे मूळ कागद शोधण्याहून अवघड जाते.

या सगळ्यात बाई कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही. विधवेच्या नावावर शेत लागले तर ती दिसते, तेही मुलगा सज्ञान होईपर्यंत.

माझ्या आजोबांचा जन्म मानमोडीतला. १९१८च्या शरदात आलेल्या इन्फ्लुएन्झाला आमच्याकडे मानमोडी म्हणतात. १९११च्या शिरगणतीत हैदराबाद राज्याची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांवर होती, १९२१ला ती १ कोटी २५ लाखांच्या आत आली. गावातले म्हातारे सांगत, की एकाला पोचवून परत येईपर्यंत दुसरा तयार. आजोबा बाळंतिणीच्या खोलीत असतानाच त्यांची आई गेली. चुलतीने वाढवले. माझ्या वंशावळीत मी सात पिढ्यांचे पुरुष बांधांवरून गोळा केले होते, पण माझ्या पणजीचे नाव कोणालाही माहीत नव्हते. आजोबांनाही नाही. ‘तुझी आई’ एवढेच त्यांच्यापुढे बोलले गेले; आणि सून नांदायला आली की तिचे नाव सासरी बदललेलेही असते.

जुन्या पोलीस पाटलाच्या घराण्यात माळवदाच्या खोलीत एक दप्तर होते. लाल फडक्यातले, उंदरांनी एका कोपऱ्याने खाल्लेले. त्यात मृत्यूनोंदीचे काही सुटे कागद निघाले. सन १३२८ फसली, माहे आजूर. म्हणजे ऑक्टोबर १९१८. ओळीमागून ओळ, आजाराच्या रकान्यात एकच शब्द: बुखार. एरवी एका पानात तीन-चार महिने बसत असावेत, या महिन्याला पानावर पाने लागली होती. त्यात माझ्या पणजोबांचे नाव सापडले, पण मेलेल्या माणसाच्या जागी नव्हे. तिथे लिहिले होते, ‘जौजे अमुक’. जौजे म्हणजे बायको. पुढे वय, कौम, बुखार. सरकारने तिच्या मरणाची नोंद केली होती, आणि तिचे नाव विचारले नव्हते.

तिचे नाव शेवटी त्र्यंबकेश्वरला मिळाले. आपल्या तीर्थक्षेत्रांतल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या हा महाराष्ट्राचा फार मोठा आणि फार थोडा वापरलेला ठेवा आहे. गाव आणि आडनाव यांवर यजमान वाटलेले असतात. यजमान आला, की त्याने आपले, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव सांगायचे, आणि हेच महत्त्वाचे, आईचे आणि बायकोचेही, कारण पिंड नावाने द्यावा लागतो. सातबाऱ्याचे बाईच्या नावावाचून भागते, श्राद्धाचे भागत नाही. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेला हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण करावेसे वाटले. आपल्या विद्यापीठांना नाशिक-त्र्यंबक-पैठणच्या वह्यांचे वाटलेले नाही, याचे मला नवल वाटत आले आहे.

आमच्या उपाध्यांच्या वंशजांनी वही दिवाणखान्यात सतरंजीवर मांडून दिली. मोडीतली, शाई तांबूस पडलेली. शके १८४१, म्हणजे मानमोडीच्या पुढच्या साली पणजोबा येऊन गेले होते. त्यांना लिहिता येत नसल्याने दुसऱ्याच्या हातची नोंद आणि खाली निशाणी नांगराची. कुणब्याची निशाणी नांगर, हे मी पुस्तकात वाचले होते. आपल्याच माणसाच्या हातचा वाकडा नांगर पाहणे वेगळे. नोंदीत बायकोचे नाव होते आणि तिच्या माहेरच्या गावचेही. ते गाव पैनगंगेपलीकडचे, वऱ्हाडातले. नाव साधे, तीन अक्षरी. आजही आमच्या गल्लीत त्या नावाच्या दोन म्हाताऱ्या आहेत.

माहेर वऱ्हाडातले असणे ही आमच्या गावात नित्याची गोष्ट. १८५३च्या तहाने निजामाने कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि पैनगंगा ही दोन अमलांमधली शीव झाली. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी. चलन वेगळे, कायदा वेगळा, कागदाची भाषा वेगळी. सोयरीक मात्र एकच. रिसोड-वाशीमकडून मुली यायच्या आणि तिकडे जायच्या. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून गोरेगावच्या पुष्कळ थोरल्या मुलांचा जन्म पलीकडे. १९४७-४८ साली रझाकारांच्या धामधुमीत सबंध कुटुंबेच नदी ओलांडून गेली. स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या शिबिरांपैकी उमरखेडचे नाव आमच्याकडे अजून घेतात. त्या दीड-दोन वर्षांतले जन्म-मृत्यू अलीकडे शोधून उपयोग नाही. पलीकडे इंग्रजी अमलात जन्म-मृत्यूची नोंद नियमित होती, मराठीत होती, आणि तिथे कोतवाल बुक हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. आमच्या गावाच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा दुसऱ्या जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत बसला आहे.

गेल्या काही वर्षांत हे दप्तर एकदम सर्वांच्या तोंडी आले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा, पाहणी पत्रक, १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, शाळेचे प्रवेश-निर्गम, गाव नमुना १४. जे मी एकट्याने धुंडाळत होतो, ते तहसिलींतून बाहेर येऊ लागले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो मान आला. माझ्या दुकानात युरियापेक्षा वंशावळीची चौकशी जास्त होऊ लागली. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरुद्ध मी इथे काही लिहीत नाही. तो अधिकारही माझा नाही. मला एवढेच खटकले, की त्या लाखो पानांवर एकच शब्द शोधला गेला. तो सापडला की पान नोंदले जाई, नाही सापडला की उलटले जाई. त्याच पानावर कोण कोणत्या साली गाव सोडून गेला, कोणाचे बैल जप्त झाले, हे लिहिलेले होते. इतके हात, इतके डोळे पुन्हा त्या पानांवरून फिरतील असे वाटत नाही.

आणि ज्यांना शेतच नव्हते, त्यांचे काय? त्र्यंबकेश्वरला जायची ऐपत नव्हती, किंवा जाऊनही जिथे उभे करून घेतले नसते, त्यांचे काय?

गावाच्या उत्तरेला नंदीवाल्यांची काही घरे आहेत. पूर्वी पाल, आता पत्रे. त्यांच्यातला एक मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला आणि जातपडताळणीसाठी कागद गोळा करू लागला. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. तशी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख आहे. त्या आधीपासून घराणे महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत राहत होते आणि अमुक जातीचे होते, हे कागदाने दाखवायचे. बाप शाळेत गेला तो नंतर. आजा गेलाच नाही. सातबारा नाही, खासरा नाही. १९५१च्या रजिस्टरात आमच्या गावची पाने मी दोनदा पाहिली. पालांचा मुक्काम त्या महिन्यात दुसरीकडे असावा.

इथे पुन्हा इंग्लंड आठवते. तिथे १६६२च्या कायद्याने गरीब माणूस कोणत्या पॅरिशचा, त्याला पोसायचे कोणी, हे ठरवले जाई. परगावचा भुकेला आला, की त्याची जबानी घेत: कुठे जन्मलास, कोणाकडे चाकरी केलीस, लग्न कधी, मुले किती. मग बहुधा हाकलून देत. हेतू निष्ठुर होता, पण त्या जबान्यांमुळे आज तिथल्या फिरत्या गरिबाचे अख्खे आयुष्य वाचायला मिळते. आपल्याकडे भटक्यांची नोंद झाली ती १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यासारख्या कायद्यांखाली पोलिसांच्या वहीत. आणि नंदीवाल्यांच्या या घराण्याच्या नशिबी तीही नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाड्या’त फिरस्ते आहेत, भरपूर आहेत, पण ते गावावरचे ओझे म्हणून. माझा तो आवडता ग्रंथ, आणि त्यातली ती पाने मला दर वेळी जड जातात.

मुलाच्या आजीला विचारले, की तुमचा सासरा कुठे वारला. ती म्हणाली, ‘नदीच्या पल्याड, पटकीत. जत्रंला गेलो होतो.’ कोणत्या गावी, ते तिला आठवत होते. साल नव्हते, पण त्या वर्षी नवा नंदी घेतला होता आणि नवरा बैलाच्या गळ्यातल्या घंटेएवढा होता, असे ती सासूकडून ऐकलेले सांगत होती. त्या गावचे कोतवाल बुक तालुक्याच्या अभिलेखागारात पाहायला आम्ही तिघे चार खेपा गेलो. चौथ्या खेपेला नोंद मिळाली. स्वातंत्र्याच्या आधीची, बाळबोध अक्षरातली, स्वच्छ. मयताचे नाव तेच, बापाचे नाव आजी सांगत होती तेच. कारण: पटकी. राहणार: गोरेगाव, मोगलाई.

त्या घराण्याचे हे पहिले लिखित नाव. १९६१च्या अटीचे काम या एका ओळीने झाले. पण शेजारी जातीचा रकाना होता. त्यात कोतवालाने की कारकुनाने, कोणी कोण जाणे, नंदीवाला किंवा तिरमाळी असे काही लिहिलेले नाही. त्यात लिहिले आहे: फिरस्ता.

यादीत या नावाची जात नाही. नकलेवर साक्षांकनाचा शिक्का घेऊन आम्ही ती प्रस्तावाला जोडली आहे, सोबत आजीचे शपथपत्र. आता दक्षता पथकाची गृहचौकशी होईल. कुलदैवत कोणते, लग्नात काय करता, नंदीला काय शिकवता, आपसात कोणती बोली बोलता, असे प्रश्न विचारतात. आजीला त्यातले सगळे येते. दरम्यान मी पलीकडच्या आणखी दोन गावांची कोतवाल बुके मागवली आहेत. जत्रेच्या वाटेवर मुक्काम पडायचा ती ही गावे. तिथे एका चुलत आज्याचा जन्म झाला असावा, आणि तिथला कारकून वेगळा असेल.